पंधरा मीटर हिम आणि दोन गुडघे

जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावर निसेको नावाचं ठिकाण आहे. तिथे एका हिवाळ्यात सुमारे १४ ते १५ मीटर हिम पडतं. पाच मजली इमारत डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढं. अर्थात ते दबत जातं, त्यामुळे एकाच वेळी एवढा थर कधी साचत नाही. तरीही आल्प्समधल्या बऱ्याच नामांकित ठिकाणी याच्या निम्मंही पडत नाही. गंमत म्हणजे निसेको काही ध्रुवाच्या जवळ नाही. अक्षांश पाहिला तर ते रोमच्या किंचितच उत्तरेला आहे, आणि डोंगराचा पायथा समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर, म्हणजे पुण्यापेक्षाही खाली आहे.

मग एवढं हिम येतं कुठून? हिवाळ्यात सायबेरियावर अतिशय थंड, जड आणि कोरडी हवा साचते आणि वायव्येकडून जपानच्या दिशेने वाहू लागते. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्यात दक्षिणेकडून आलेला त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह असतो. त्या तुलनेने कोमट पाण्यावरून जाताना ही हवा ऊब आणि बाष्प दोन्ही उचलते, ढगांच्या लांबच लांब रांगा तयार होतात आणि किनाऱ्यालगतचे डोंगर चढताना रित्या होतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून आंबोली-महाबळेश्वरात कोसळतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त ऋतू वेगळा आणि पाण्याच्या जागी हिम. पर्जन्यछायेचा प्रदेशही तसाच आहे. डोंगराच्या एका अंगाला छपरापर्यंत हिम साचलेलं असतं, तेव्हा पलीकडे टोकियोत लख्ख ऊन पडलेलं असतं.

मराठीत आपण आभाळातून भुरभुरणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि फ्रिजमधल्या खड्यालाही बर्फच. या लेखापुरता तरी हा घोळ नको, कारण स्कीइंगमध्ये दोहोंचा परिणाम अगदी उलटा असतो. निसेकोचं हिम इतकं हलकं असतं, की दहा सेंटिमीटर थराचं पाणी केलं तर अनेकदा एक सेंटिमीटरही भरत नाही. पिठाच्या ढिगातून पाय जावा तशी स्की त्यातून जाते. जगभरचे स्कीअर त्याला ‘जॅपाऊ’ म्हणतात. जपान आणि पावडर या दोन शब्दांची ती सांगड आहे.

आपल्याकडून जपानला जाणारे बहुतेक जण चेरीच्या बहरासाठी जातात. पण गुलमर्ग किंवा औलीला एकदा पायात स्की बांधून पाहिलेल्यांना जपानचा हिवाळाही खुणावतो. चाळिशी-पन्नाशीतल्या, वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाने तिथे जावं का? शरीराला फायदा किती आणि धोका किती? उत्तर ‘जावं’ असंच आहे, पण त्याला एक अट आहे. ज्या हिमासाठी ही ठिकाणं प्रसिद्ध आहेत, नवख्याच्या दृष्टीने सगळ्यात अवघड गोष्टही तेच हिम आहे. मोठ्या रिसॉर्टवर त्याच्यापासून लांब राहून स्कीइंग शिकण्याची उत्तम सोय असते. आणि त्याच रिसॉर्टवर त्याचा मोहही सगळ्यात जास्त असतो.

आधी फायद्याची बाजू. पहिला फायदा उंचीचा. गुलमर्गचा पायथा सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचं वरचं स्थानक जवळपास ४ हजार मीटरवर. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर जाणवू लागतो, त्यामुळे तिथे डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं ही रोजची तक्रार असते. जपानमध्ये हा प्रश्न जवळजवळ नाहीच. निसेकोचं अन्नुपुरी शिखर १,३०८ मीटर उंच आहे. नागानो प्रांतातल्या शिगा कोगेनला लिफ्टने बरंच वर जाता येतं, पण तिथला योकोतेयामाही २,३०७ मीटरच. दमा, रक्तदाब किंवा रक्तक्षय असलेल्यांना हा फरक मोठा आहे. शिवाय आपल्या आणि जपानच्या घड्याळात साडेतीनच तासांचं अंतर आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस झोपेच्या गोंधळात जात नाहीत.

दुसरा फायदा व्यवस्थेचा. जपानला स्कीइंग शिकवलं ते थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने, १९११ मध्ये, आजच्या निगाता प्रांतातल्या ताकादा इथे. पुढे १९७२ मध्ये सप्पोरोला आणि १९९८ मध्ये नागानोला हिवाळी ऑलिम्पिक झालं. १९८०च्या दशकात स्कीइंगची अशी लाट आली, की १९९०च्या दशकात वर्षाला जवळपास पावणेदोन कोटी जपानी डोंगरावर जात होते. आता त्यांचा तिसरा हिस्साही उरलेला नाही. पण त्या काळी बांधलेल्या लिफ्ट, उतार आणि रेल्वेमार्ग शिल्लक आहेत. गाला युझावाला तर शिंकान्सेनचं स्थानकच रिसॉर्टच्या पोटात आहे. टोकियोहून सव्वा ते दीड तासात माणूस डोंगरावर पोहोचतो. (कावाबातांच्या ‘युकिगुनी’ कादंबरीची पार्श्वभूमी ती हीच युझावाची.) मोठ्या रिसॉर्टवर सोपे, रुंद उतार भरपूर असतात, रात्रीतून यंत्राने दाबून सपाट केलेले असतात, आणि इंग्रजीतून शिकवणारे प्रशिक्षकही मिळतात. उतारांना रंग असतात: हिरवा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. युरोपात हिरवा आणि लाल यांच्यामध्ये आणखी एक निळा असतो, तो इथे नाही. म्हणून ‘हिरवं जमलं, आता लाल’ ही उडी वाटते त्यापेक्षा मोठी असते.

शरीराला काय मिळतं? ऑस्ट्रियात साल्झबुर्ग इथे साठी ओलांडलेल्यांवर एक नावाजलेला अभ्यास झाला. बारा आठवडे त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा प्रशिक्षकासोबत स्कीइंग करायला लावलं. शेवटी त्यांच्या पायांची ताकद आणि दमसास दोन्हींत सुधारणा दिसली. म्हातारपणी माणूस पडतो तो बऱ्याचदा मांड्या कमजोर झाल्यामुळे आणि तोल सावरता न आल्यामुळे. स्कीइंग नेमकं या दोहोंवर काम करतं. मात्र हे बारा आठवड्यांचं फळ आहे. पाच दिवसांच्या सहलीत पायांची ताकद वाढत नाही, असलेली खर्च होते. ‘स्कीइंगने भरपूर कॅलरी जळतात’ या वाक्यातही मीठ घालून घ्यावं. उतरताना शरीर खरंच कष्ट करतं, पण दिवसाचा मोठा भाग लिफ्टच्या रांगेत आणि लिफ्टवर बसण्यात जातो.

आता गुडघ्यांकडे वळू. साध्या उतारांवरच्या स्कीइंगमध्ये हजार स्कीअर-दिवसांमागे दोन ते तीन जण डॉक्टरकडे जावं लागण्याइतके जखमी होतात, असं जगभरची आकडेवारी सांगते. धोका अफाट नाही. पण या दुखापतींपैकी साधारण एक तृतीयांश गुडघ्याच्या असतात. त्यातली सगळ्यात त्रासाची म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, अर्थात एसीएल, तुटणं. तो आपोआप पुन्हा जुळेलच असं नाही. अनेकांना शस्त्रक्रिया करावी लागते आणि पूर्ववत खेळायला सहा ते बारा महिने जातात. स्त्रियांमध्ये ही दुखापत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात दिसते.

लोकांना वाटतं, असं काही भरधाव वेगात, मोठ्या आपटण्याने होत असेल. तसं नाही. नेहमीचा प्रकार असा: माणूस मागे कलतो, ढुंगण गुडघ्याच्या खाली जातं, सगळा भार उताराकडच्या एका पायावर येतो. त्या स्कीचं मागचं टोक हिमात रुततं आणि तरफेसारखं गुडघ्याला पीळ देतं. वेग जवळजवळ शून्य असतानाही हे होतं. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग पडताना सुटावं म्हणून बनवलेलं असतं, पण त्याची रचना मुख्यतः नडगीचं हाड वाचवण्यासाठी झाली. अशा संथ पिळाच्या वेळी ते अनेकदा सुटतच नाही. अमेरिकेतल्या व्हर्मॉंटच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात प्रशिक्षक आणि गस्तीवरच्या लोकांना ही स्थिती ओळखायला आणि टाळायला शिकवलं. त्यांच्यातल्या गुडघ्याच्या गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी घटल्या. शिकवलेलं साधंच होतं. हात पुढे ठेवा, पाय जवळ ठेवा. पडतोय असं वाटलं की सावरायची धडपड करू नका, पडा. आणि घसरत असताना उठायचा प्रयत्न करू नका. आपल्या स्वभावाच्या हे अगदी विरुद्ध आहे. चारचौघांत पडायची लाज वाटते म्हणून माणूस शेवटपर्यंत झुंजतो, आणि त्या झुंजीतच अस्थिबंध जातो.

गड उतरताना मांड्या भरून येतात, तो अनुभव बहुतेकांना असेल. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. स्कीइंगमध्ये हे तासन् तास चालतं. तो स्नायू थकला की माणूस नकळत मागे कलतो, म्हणजे वर सांगितलेल्या स्थितीकडेच जातो. म्हणून तिकीट काढलं त्याच आठवड्यात उठाबशा सुरू कराव्यात. सहा ते आठ आठवडे तरी हवेत. भिंतीला पाठ टेकून अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं राहणं, जिने चढण्याइतकंच हळूहळू उतरणं, एका पायावर उभं राहून दात घासणं हेही जमेल तेवढं. भाड्याच्या दुकानात वजन, उंची, वय आणि कसब विचारतात, ते बाइंडिंग किती जोरावर सुटावं हे ठरवण्यासाठी. तिथे कसब फुगवून सांगू नका, वजनही खरं सांगा. हेल्मेट घ्याच, त्याने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होतो.

यंत्राने दाबलेल्या उतारावर एवढं पुरे. पण चार दिवसांत आत्मविश्वास येतो आणि बाजूच्या झाडीतलं अस्पर्श हिम दिसू लागतं. जपानची खरी जोखीम तिथे सुरू होते.

सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्या छत्रीसारख्या असतात. त्यांच्याखाली, बुंध्याभोवती हिम नीट साचत नाही. पोकळी राहते, वरून मात्र ती दिसत नाही. स्कीअर तिथे पडला तर बहुधा डोकं खाली, पाय वर असा जातो. पायांत स्की अडकलेल्या, भोवती आधार नसलेलं भुसभुशीत हिम. जितकी हालचाल करावी तितकं ते वरून आत सरकतं आणि नाकातोंडात जातं. उत्तर अमेरिकेत स्वयंसेवकांना मुद्दाम अशा खड्ड्यांत उलटं ठेवून प्रयोग केले गेले, तेव्हा दहापैकी नऊ जणांना स्वतःहून बाहेर येता आलं नाही. यात मृत्यू गुदमरून येतो, आणि तोही काही मिनिटांत. हे हिमस्खलन नव्हे. यासाठी तीव्र उतार लागत नाही, रिसॉर्टच्या हद्दीतही हे घडू शकतं. झाडीत जायचंच असेल तर सोबती दोन वळणं मागे-पुढे, नजरेच्या टप्प्यात हवा. ‘खाली भेटू’ म्हणणारा सोबती या बाबतीत उपयोगाचा नाही.

हिमस्खलन हा दुसरा धोका. जपानी डोंगरांवर सासा नावाचं बुटकं बांबूसारखं गवत माजलेलं असतं. हिमाच्या वजनाने ते उताराच्या दिशेने आडवं होतं आणि घसरगुंडीसारखं गुळगुळीत बनतं. त्यावरून हिमाचा जमिनीपर्यंतचा अख्खा थर सरकू शकतो. याशिवाय एका रात्रीत अर्धा मीटर नवं हिम पडलं, की त्याला खालच्या थराशी जुळून घ्यायला वेळच मिळत नाही. जपानी हवामान संशोधकांच्या प्रारूपांचा निष्कर्ष असा, की तापमान वाढेल तसं देशातलं एकूण हिम घटेल, पण मध्य जपानच्या उंच भागात एका झटक्यात कोसळणारं हिम उलट वाढू शकतं. स्कीइंगच्या दृष्टीने ही दोन्हीकडून वाईट बातमी आहे. जानेवारी २०२३ मध्ये नागानोतल्या ओतारी गावच्या डोंगरावर रिसॉर्टच्या हद्दीबाहेर हिमस्खलन झालं. त्यात काइल स्मेन हा अमेरिकी खेळाडू गेला. तो २०१५ चा हाफपाइपचा विश्वविजेता होता. कौशल्य कमी पडलं असं त्याच्याबाबतीत कोणी म्हणणार नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता भरपूर असते, नंतर ती झपाट्याने घसरते. याचा अर्थ सुटका करणारा हा सोबतच असावा लागतो, हेलिकॉप्टर येईपर्यंत उशीर झालेला असतो.

इथे निसेकोचं कौतुक करावंसं वाटतं. तिथेही पूर्वी लोक दोर ओलांडून हवे तिथे जायचे आणि मरायचे. सरसकट बंदी घालून पाहिली, ती कोणी पाळेना. मग स्थानिकांनी वेगळी वाट काढली. हद्दीबाहेर जायला ठरावीक फाटकं ठेवली. रोज सकाळी वारा, हिम आणि धोक्याची स्थिती जपानी आणि इंग्रजीत जाहीर होते. फाटक उघडं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर जा. बंद असेल तर कोणीही जायचं नाही. आणि दोराखालून जाणं कधीच चालणार नाही. ‘निसेको नियम’ म्हणून हे ओळखलं जातं. सगळ्या रिसॉर्टवर अशी स्पष्टता नाही. काही ठिकाणी झाडीत जाणंच मना आहे, काही ठिकाणी दोर कुठे संपतो हेच कळत नाही. पण एक लक्षात घ्या. उघडं फाटक म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. ज्याच्याकडे शोधयंत्र, फावडं, काठी आणि ती वापरायचा सराव आहे, फक्त त्याच्यासाठी ते फाटक आहे. पहिल्या-दुसऱ्या खेपेला जाणाऱ्याने तिकडे फिरकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीचे तोटे किरकोळ, पण नेमके सहल बिघडवणारे. जानेवारीत होक्काइदोत हिम पडतं म्हणजे आभाळ सतत भरलेलं असतं. अशा सपाट उजेडात उतारावरचा उंचवटा आणि खड्डा एकसारखे पांढरे दिसतात, आणि नवखा माणूस न दिसलेल्या खड्ड्यावरच पडतो. पिवळसर किंवा गुलाबी भिंगाचा गॉगल थोडी मदत करतो. मार्चनंतर ऊन येतं तेव्हा उलट प्रश्न उभा राहतो. ताजं हिम ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतं, म्हणून हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांतही कातडी भाजते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं, तर ते उन्हाने डोळ्याचा पृष्ठभाग पोळल्याचं लक्षण असतं. मोठ्या रिसॉर्टवर सुट्टीच्या दिवशी गर्दीही असते आणि टक्कर होते. नियम जगभर एकच: पुढे, म्हणजे खाली असलेल्याचा हक्क पहिला; वरून येणाऱ्याने चुकवायचं. आणि रिसॉर्टच्या गावात चालताना छपरांखालून जाऊ नका. साचलेलं हिम एकदम खाली येतं. जपानमध्ये दर हिवाळ्यात त्याने आणि ते काढताना माणसं दगावतात.

संध्याकाळी ओनसेन, म्हणजे गरम झरा. नोझावा ओनसेन गावात तर गावकऱ्यांनी सांभाळलेली तेरा सार्वजनिक स्नानगृहं आहेत. दुखऱ्या स्नायूंना त्याने बरं वाटतं, यात शंका नाही. पण गुडघा मुरगळला असेल, सूज असेल तर पहिले दोन दिवस गरम पाणी टाळा, सूज वाढते. रक्तदाबाच्या रुग्णांनी जास्त जपावं. थंडीतून आलेलं शरीर कढत पाण्यात गेलं की रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो, आणि उठताना भोवळ येते. जपानमध्ये आंघोळीच्या वेळी बुडून मरणाऱ्या ज्येष्ठांची संख्या रस्ते अपघातांत मरणाऱ्या ज्येष्ठांपेक्षा जास्त आहे. तिथली सरकारी सूचना ४१ अंशांपर्यंतचं पाणी आणि दहा मिनिटं अशी आहे. झऱ्यांचं पाणी बऱ्याचदा त्याहून गरम असतं. दारू प्यायल्यावर तर जाऊच नये.

निघण्याआधीची दोन कामं राहिली. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत हिवाळी खेळ धरलेले नसतात. वेगळा हप्ता भरून ते घ्यावे लागतात आणि हद्दीबाहेरची दुर्घटना त्यातही वगळलेली असू शकते. तशा शोधमोहिमेचा खर्च मात्र स्कीअरकडूनच वसूल होतो. दुसरं काम औषधांच्या पिशवीचं. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही कडक बंधनं आहेत. विमानतळावर विचारपूस होण्यापेक्षा घरीच प्रत्येक गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून घेतलेलं बरं.